ढगाळ हवा

आमच्या घरी पहिली सायकल आली ती दुधासाठी. आण्णांनी ती जुनीच घेतली होती. काळी, उंच दांडीची, मागं लोखंडी कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. पहाटे पाचला गोठ्यातून निघायचं आणि मुरमाच्या रस्त्यानं डेअरीवर किटल्या पोचवायच्या, हे काम मी सातवीत गेलो तेव्हा माझ्याकडं आलं. दांडीवरून टांग टाकता येत नव्हती म्हणून मी कैचीच मारायचो. मुरूम काय चीज आहे, हे ज्यानं भरल्या किटल्या घेऊन सायकल चालवली त्यालाच ठाऊक. मोकळ्या मुरमावर पुढचं चाक आपलं ऐकत नाही. एकदा ओढ्याच्या वळणावर चाक सरकलं आणि मी दूध-सायकलसकट आडवा झालो. आण्णा मागून बैलगाडीनं येत होते. ते मला एक शब्द बोलले नाहीत. सांडलेलं दूध धुळीत जिरेपर्यंत नुसते बघत उभे राहिले.

आता मी चौपन्न वर्षांचा आहे, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो, आणि दर रविवारी हौसेनं तसाच मुरूम शोधत फिरतो.

त्यासाठी वेगळी सायकल मिळते. ग्रॅव्हल बाइक म्हणतात तिला. ग्रॅव्हल म्हणजे खडी, मुरूम. शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड, डिस्कब्रेक, आणि गिअर असे की चढावर माणूस बसल्याजागी पाय फिरवत राहतो. डांबरीही चालते, पांदीतही चालते. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी अमेरिकेतली 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघात पुरी केली, तेव्हापासून आमच्या शहरात सायकलचं वारं जोरात आहे. मलाही ते लागलं. सायकल सव्वा लाखाची घेतली. गावी धाकट्या भावाला किंमत सांगितली तर तो बराच वेळ टायरच दाबत बसला. मग म्हणाला, "दादा, सव्वा लाखात दुभती म्हैस आली असती. आन् वरती पेंडीचे पैसे उरले असते."

मी हसलो. तोही हसला. पण त्यानं हिशेब केला होता, मी केला नव्हता.

आमचा रविवारचा रस्ता ठरलेला. पहाटे साडेपाचला चौघं-पाचजण निघतो. मखमलाबाद मागं पडलं की दोन्ही हातांना द्राक्षबागा लागतात. पुढं पेठ रोड ओलांडून रामशेजच्या पायथ्याशी आशेवाडीकडं. संभाजीराजांच्या काळात औरंगजेबाच्या फौजेला वर्षानुवर्षं दाद न देणारा किल्ला तो हाच. त्याच्या शेजारी देहेरगड आणि बोरगडाची रांग. बोरगडाच्या डोंगराला २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. आमच्या लहानपणी हे डोंगर उन्हाळ्यात नुसते भाजलेल्या भाकरीसारखे दिसायचे. आता तिथं झाडी आहे. पायथ्याच्या माणसांनी कुऱ्हाड आवरली, गुरं दुसरीकडं वळवली, निसर्गप्रेमी लोकांनी झाडं लावली, तेव्हा कुठं हा हिरवा डोंगर उभा राहिला. त्याच्या कडेकडेनं जाणाऱ्या पाऊलवाटांवर सायकल घालायला आम्हाला फार आवडतं. तिथून खाली दिंडोरीच्या बाजूला उतरलं की पुन्हा बागा, आणि त्यातच आमच्या भावाची बाग.

सांगायचं आहे ते २६ नोव्हेंबर २०२३ चं. रविवारच होता.

त्या दिवशी निघालो तेव्हाच आभाळ भरून आलेलं होतं. नोव्हेंबर संपत आला तरी थंडीचा काटा नाही, वारा दमट, आणि उजाडलं तरी ऊन नाही. सायकल चालवायला याहून चांगला दिवस मागून मिळत नाही. घाम येत नाही, डोळ्यांवर ऊन येत नाही, धूळ बसलेली असते. बागांवर हलकं धुकं उतरलं होतं. तारांचे मांडव, त्याखाली ओळीनं गेलेली खोडं, आणि टोकाला धुक्यात अर्धा बुडालेला रामशेज. आमच्यातल्या डॉक्टरांनी सायकल थांबवली, दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "काय हवा पडलीय! महाबळेश्वर झक मारतं!"

मी म्हणालो, "हो ना."

हे दोनच शब्द. पण त्या दिवसानंतर ते मला सुखानं झोपू देईनात. कारण मी द्राक्षवाल्याचा मुलगा आहे.

आमच्या घरात 'ढगाळ हवा' हा शब्द कुणी 'छान'बरोबर वापरल्याचं मला आठवत नाही. मी नववीत असताना आण्णांनी पहिली एकरभर बाग लावली. थॉमसन. दगडी खांब, त्यावर तारा, सोसायटीचं कर्ज. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, आणि तिथून पुढं फळ हाती येईपर्यंत सगळं घर आभाळाकडं बघून जगायचं. द्राक्षाला कोरडी थंडी पाहिजे. ढग आले, पानं ओली राहिली, की डाऊनी. तिला आमच्याकडं केवडाही म्हणतात. फुलोऱ्यात पाऊस झाला की घड कुजतो, गळतो. मणी भरल्यावर झाला की मणी तडकतात. आणि आभाळ नुसतंच राहिलं, पाऊस नाही आला, तरी भुरी असतेच. म्हणजे आभाळ आलं की काहीतरी जाणार. काय जाणार, एवढंच बघायचं.

आण्णा रात्री दोनला उठून दारात यायचे आणि हात बाहेर काढून उभे राहायचे. थेंब पडतोय का बघायला. आम्ही गोधडीतून ते बघायचो. मग पंप काढायचे. पाठीवरचा पंप, हातात कंदील घेतलेली आई, आणि बागेत फुस्स-फुस्स असा आवाज. सकाळी घरभर औषधाचा वास. गारा पडायला लागल्या की आई अंगणात विळा फेकायची. लोखंड बघून गारा थांबतात म्हणे. थांबायच्या नाहीत. पण दर वेळी फेकायची.

हे सगळं माझ्या अंगात असताना मी 'हो ना' म्हणालो. आणि खोटं म्हणालो नव्हतो, हीच तर पंचाईत आहे. मला हवा खरंच आवडली होती. पायडलावर पाय ठेवून त्या धुक्याकडं बघताना माझ्या मनात भीतीचा एक थेंबही आला नव्हता. भाऊ आठवला तो पुढं अर्ध्या तासानं, त्याच्या घराकडं जाणारा फाटा आला तेव्हा.

त्याआधी डोंगराच्या वाटेवर एक गोष्ट घडली होती. घडली असंही म्हणवत नाही, इतकी साधी. आम्ही एकामागं एक उतारानं खाली येत होतो. अरुंद वाट, एका बाजूला करवंदीची जाळी. वळणावर समोर आठ-दहा बायामाणसं. डोक्यावर डबे, हातात पाण्याच्या बाटल्या, एकीच्या कडेवर मूल. वरच्या पाड्यावरून बागेच्या कामाला निघालेली. आमच्या भागात बागा वाढल्या त्या याच हातांवर. पेठ-सुरगाण्याची लांबची माणसं जीपमध्ये येतात, हंगामभर बागेच्या कडेला राहतात; जवळच्या पाड्यांवरची रोज डोंगर उतरतात. छाटणी, विरळणी, डिपिंग, खुडणी ही सगळी कामं त्यांची. आमच्या पुढच्या गड्यानं घंटी वाजवली आणि ती माणसं पटापटा बाजूला झाली. जाळीत शिरली. मूल घेतलेल्या बाईच्या लुगड्यात काटे अडकले, ती ते सोडवत उभी राहिली. आम्ही "थँक यू मावशी, थँक यू" करत खाली उतरलो. आमच्यातला एकजण पुढं म्हणालासुद्धा, "किती साधी माणसं आहेत ना."

त्यांना कामावर पोचायचं होतं. आम्हाला कुठंच पोचायचं नव्हतं. तरी वाट त्यांनी सोडली.

भावाकडं पोचलो तर त्याचा ट्रॅक्टर बागेत फिरत होता, मागं ब्लोअर. आम्हाला बघून त्यानं ट्रॅक्टर बंद केला, तोंडावरचा रुमाल काढला, सगळ्यांना "या, या" केलं. वहिनीनं चहा टाकला. मित्रांनी बागेत फोटो काढले. बाग फुलोऱ्यातून नुकती बाहेर येत होती, घडांवर बारीक बाजरीएवढे मणी. डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, "काय हो, रविवारची पण सुट्टी नाही का?" भाऊ म्हणाला, "काय करता साहेब, आभाळ आलंय." डॉक्टर म्हणाले, "हो, मस्त वाटतंय नाही?" भाऊ माझ्याकडं बघून किंचित हसला आणि म्हणाला, "हां. चहा घ्या, गार होऊ राहिला."

मी तेव्हाही काही बोललो नाही. निघताना नुसतं विचारलं, "औषध मारून झालं का?" तो म्हणाला, "अर्धं झालंय. तुम्ही आले म्हणून थांबवलं."

दुपारी घरी येऊन जेवून मी झोपलो. उठलो ते खिडकीवरच्या आवाजानं. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला, बऱ्याच ठिकाणी गारपीट झाली. भावाला फोन लावला, लागला नाही. गाडी काढून गावी पोचेपर्यंत अंधार पडला होता. बागेच्या बांधावर गारांचा पांढरा थर अजून विरघळत होता. भाऊ बॅटरी घेऊन ओळीतून चालत होता. मी मागं मागं. पानांच्या चिंध्या झाल्या होत्या. काड्यांची साल सोलली होती. सकाळी ज्या ओळीत फोटो काढले त्या ओळीतले घड खाली चिखलात होते.

तो चाललाच होता, थांबत नव्हता. शेवटच्या खांबाशी येऊन बसला. मीही बसलो. मला राहवलं नाही. म्हणालो, "सकाळी आमच्यापायी तुझी अर्धी फवारणी राहिली."

तो म्हणाला, "गारांवर औषध असतं का दादा? ते मनात धरू नको."

मग मी त्याला ते 'हो ना' सांगितलं. सांगायला नको होतं कदाचित. ज्याची बाग गेली त्याच्यापुढं आपल्या मनाची कुरकुर काढायची नसते. पण सांगितलं. म्हटलं, मला सकाळी हवा आवडली होती रे. मला लाज वाटू राहिलीय.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लाज कशाची? धुकं मलाबी चांगलंच दिसतं. शेतकऱ्याचे डोळे काय निराळे असतात का? रामशेजवर ढग टेकतात ना, मीबी ट्रॅक्टर थांबवून बघतो. पण माझ्या आधी छातीत धस्स होतं, मग ते चांगलं दिसतं. तुझं उलटं झालंय एवढंच."

मी त्यानंतर या बोलण्यावर पुष्कळ विचार केला आहे. सुरुवातीला मी माझी बाजू मांडून बघितली. मी कुणाचं काय घेतलं? धुक्याकडं बघितल्यानं धुकं वाढत नाही. मी आनंद मानला नसता तर गारा पडायच्या थांबल्या असत्या का? आणि असा हिशेब करायला बसलं तर जगात माणसाला हसताच येणार नाही. शहरात पहिल्या पावसाला भजी तळतात तेव्हा कुणाचं तरी छप्पर गळतच असतं. द्राक्षाचा घड तोंडात टाकताना प्रत्येक मण्यामागच्या रात्री मोजायच्या का? आण्णांनी स्वतःच पिकवलेली द्राक्षं मिटक्या मारत खाल्ली, आणि त्यांच्या पाठीवरच्या पंपाच्या पट्ट्याचे वळ आम्ही सगळ्यांनी बघितले आहेत.

हे सगळं खरं आहे. आनंद हा गुन्हा नाही. भावानंही मला दोषी धरलं नाही. पण त्यानं दाखवलं ते वेगळंच होतं. माणसाच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी राहू शकतात, सौंदर्य आणि धसका. प्रश्न त्यातली कोणती आधी येते हा आहे. आणि हा क्रम आपण त्या क्षणी ठरवत नाही. तो आपण कसे जगलो त्यानं ठरतो. डॉक्टरांचा क्रम त्यांच्या आयुष्याप्रमाणं होता. त्यांना डाऊनी माहीतच नव्हती. त्यांच्या 'काय हवा'मध्ये मला आजही काही वावगं वाटत नाही. माझं तसं नव्हतं. मला माहीत होतं, आणि तरी माझा क्रम बदलला. तीस वर्षांच्या पगारानं बदलला. महिन्याच्या एक तारखेला पैसे जमा होतात, आभाळ येवो न येवो. कुणी मला विचारलं नाही, 'तुला तुझ्या बापाचा धसका विकायचा आहे का?' तो हळूहळू गेला. मला पत्ता लागला तो त्या सकाळी.

एवढ्यावर हा लेख संपला असता तर मी स्वतःला बरा म्हणालो असतो. पण सोमवारची सकाळ राहिली.

मी रात्री गावीच राहिलो होतो. सकाळी आठच्या सुमारास डोंगरावरून माणसं कामाला आली. कालचीच. कडेवर मूल असलेली ती बाईही होती. बागेची दशा बघून ती सगळी बांधावर गप्प उभी राहिली. त्यातला एक म्हातारा भावापाशी आला, म्हणाला, "भाऊ, लय नुकसान केलं." भाऊ मान हलवत राहिला. म्हातारा थोडा थांबला, मग परत वळताना आपल्या माणसांना उद्देशून बोलल्यासारखं म्हणाला, "आपली बी नागली खळ्यावर होती. समदी भिजली."

मी भावाकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर मला माझंच तोंड दिसलं. त्यानं काही विचारलं नव्हतं. मीही नव्हतं. रात्रभर आम्ही दोघे एका बागेचं दुःख करत होतो, आणि डोंगरावर खळ्यात वर्षाची भाकरी भिजली होती ते आमच्या मनाच्या कडेलाही आलं नव्हतं. आण्णांच्या काळापासून ही माणसं आमच्या बागेत येतात. आम्ही त्यांना आमच्या आभाळाबद्दल हजारदा सांगितलं. त्यांच्या आभाळाबद्दल कधी विचारलं? नोव्हेंबरात नागली-वरई खळ्यावर असते हे मला पुस्तकातलं माहीत होतं, जसं डॉक्टरांना द्राक्ष पिशवीतलं माहीत होतं. आमचा धसका आमच्या बांधापर्यंत येऊन थांबत होता.

भाऊ उठला. म्हाताऱ्याला म्हणाला, "किती होती, बाबा?" मग दोघं बांधावर बसून बोलत राहिले. त्यानं भावाचं नुकसान कमी झालं नाही, म्हाताऱ्याचं तर नाहीच. पण मी ते बसणं बघितलं आणि मला वाटलं, क्रम बदलू शकतो. आपोआप जातो तसा आपोआप परत येत नाही. विचारावं लागतं, आणि विचारायचं तर आधी थांबावं लागतं.

मी सायकल सोडली नाही. काही दिवस सोडावी वाटली होती, पण तो देखावाच झाला असता. रविवारी अजून जातो. तो मुरूम, ते मांडव, बोरगडाची झाडी मला अजून आवडते, पूर्वीपेक्षा जास्त. डोंगराच्या वाटेवर आता समोरून माणसं आली की मी घंटी वाजवत नाही. उतरतो, सायकल जाळीच्या बाजूला घेतो आणि त्यांना जाऊ देतो. मित्रही तसं करू लागले, मी काही न सांगता. फार मोठं काही नाही हे. ज्याला पोचायचं आहे त्याला वाट, एवढंच.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा एका रविवारी आभाळ आलं. तसंच धुकं, तसाच रामशेज. डॉक्टर थांबले, हात पसरले, पण माझ्याकडं बघून गप्प झाले. एव्हाना त्यांना सगळं सांगितलं होतं. मला त्यांचं ते गप्प होणं बरं वाटलं नाही. म्हटलं, "बघा हो डॉक्टर, चांगलंच आहे." आणि फोन काढून भावाला लावला.

"आभाळ आलंय रे."

"हां, दिसू राहिलंय. रात्रीच उठलो होतो." मागं ब्लोअरचा आवाज होता. "तू कुठंय?"

"सायकलवर."

"मग ये इकडून. पण चहाला थांबणार नाही मी, सांगून ठेवतो. ट्रॅक्टर चालूच राहील."

"राहू दे. मी पाण्याचे ड्रम भरतो."

तो हसला. "सव्वा लाखाच्या सायकलवरून ड्रम भरायला येऊ राहिलाय," म्हणाला, आणि फोन ठेवला.